गठ्ठा सोडणारा हात

शाळा सुटण्याच्या वेळी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जे फोटो येतात, ते बहुतेक एकाच घाटणीचे असतात. रांगेत बसलेली मुलं, उंच धरलेलं चित्र, फळ्यावर रंगीत खडूनं काढलेलं दिवसाचं नाव, कडेला बाई. खाली लगेच अंगठे आणि जोडलेल्या हातांची रीघ लागते. या फोटोंतून पालकांना एवढंच कळतं, की आज शाळेत काहीतरी झालं. आपलं मूल काय शिकलं, कुठे अडलं, अडल्यावर त्यानं काय करून पाहिलं, याचा त्यात मागमूस नसतो. हात कॅमेऱ्याकडे वळले की हातातलं काम थांबलेलं असतं. म्हणजे हा फोटो काम संपल्याचा असतो, आणि पालकांच्या उपयोगाचा भाग त्याआधीच होऊन गेलेला असतो. वर्गातला फोटो घरापर्यंत शिकणं पोचवू शकतो. त्यासाठी तो अर्धवट कामाचा असावा लागतो आणि त्याच्यासोबत शिक्षकाची दोन वाक्यं असावी लागतात.

मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित सभा घेऊन सांगावी, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकांच्या कर्तव्यांत नमूद केलं आहे. हजेरीचा आकडा सांगणं सोपं. प्रगतीच्या जागी गुण किंवा श्रेणी येते. ‘शिकण्याची क्षमता’ मात्र ना आकड्यात मावते ना श्रेणीत, आणि पालकसभेतल्या पाच मिनिटांत ती सांगूनही होत नाही. मुलाला विचारावं तर ‘आज काय शिकवलं?’ याचं ठरलेलं उत्तर ‘काही नाही’. त्यात लबाडी नसते. सहा-सात वर्षांच्या मुलाला डबा आठवतो, भांडण आठवतं. आपल्या डोक्यात काय बदललं ते शब्दांत मांडणं त्याच्या आवाक्यातलं नसतं. शाळेच्या भिंतीआड घडणारं पालकांना दिसत नाही, ही अडचण आपल्याकडच्या बालशिक्षणानं फार पूर्वी एका वेगळ्याच वाटेनं सोडवली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला काम केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ या आज देशभर चालणाऱ्या शब्दामागे ही कल्पना आहे. अंगणात भरणाऱ्या शाळेला वेगळा अहवाल पाठवायची गरज कमी असते. घरची माणसं येता-जाता बघतच असतात. चांगल्या फोटोनं त्या अंगणाचं थोडंसं काम करावं, इतकीच अपेक्षा आहे.

ते कसं, हे एका वादावरून नीट उमगतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीनं ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. भाषा बुडाली इथपासून मुलांना मठ्ठ समजताय का इथपर्यंत सगळं बोलून झालं. अडचण खरी होती. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी, पाच नंतर. कानाला जे आधी लागलं तेच आधी लिहिणारं मूल 52 लिहितं. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस आहेतच. तिथे तर पुढच्या दशकातून एक वजा करून मागे यावं लागतं. ‘वीस एक’ हा उपाय बरा की वाईट यावर मतभेद असू शकतात, पण ज्या पालकांनी रोष व्यक्त केला त्यांतल्या किती जणांनी मूल 52 लिहिताना पाहिलं होतं? घरी वही उघडल्यावर दिसते ती लाल फुली, आणि फुलीवरून निघणारा अर्थ एकच: अभ्यास कमी पडतोय. आता याच प्रसंगाचा फोटो कल्पनेत आणा. जमिनीवर काड्यांचे दहा-दहाचे दोन गठ्ठे, शेजारी सुट्या पाच काड्या, पाटीवर 52, आणि एक छोटा हात एक गठ्ठा सोडून मोजायला बसलेला. खाली ओळ: ‘पंचवीस ऐकून आधी पाच लिहिले. मग गठ्ठे मोजले आणि म्हणाली, पाच गठ्ठे कुठे आहेत, दोनच तर आहेत.’ चेहरा दिसत नाही, तरी त्या मुलीचा विचार दिसतो. आईला चूक कळते, चुकीचं कारण कळतं, आणि भाकरी थापता थापता ‘दोन गठ्ठे नि तीन सुट्या, किती गं?’ असं विचारण्याची सोयही होते. वर्षभराच्या प्रगतिपत्रकातून एवढं क्वचितच पोचतं.

फोटोपेक्षा खालची ओळ जास्त महत्त्वाची आहे, हे इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराच्या बालशाळांनी फार आधी ओळखलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पालकांच्या पुढाकारातून तिथे शाळा उभ्या राहिल्या आणि लोरिस मालागुझी यांच्या मार्गदर्शनाखाली वाढल्या. मुलांच्या कामाचे फोटो, त्यांची चित्रं आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून ते भिंतीवर लावणं हा तिथल्या शिकवण्याचाच भाग आहे. शिक्षक ते पाहून पुढचं ठरवतात, पालक ते पाहून बोलायला लागतात. न्यूझीलंडमध्ये 1996 मध्ये बालशिक्षणाचा ‘ते फारिकी’ हा अभ्यासक्रम आला, त्यानंतर मार्गारेट कार यांनी ‘शिकण्याच्या गोष्टी’ लिहिण्याची पद्धत रुजवली: एक प्रसंग, बहुधा एक-दोन फोटो, मुलानं काय केलं ते साध्या भाषेत, आणि पुढे काय करता येईल. दोन्हीकडे फोटो एकटा सोडलेला नाही.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा, आणि तो वजनदार आहे. आधीच पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं, पोर्टलं, उपक्रमांचे फोटो अपलोड करणं यांत दिवस जातो. त्यात हे आणखी एक? 2016 च्या अखेरीस महाराष्ट्र शासनानं मुलांच्या गळतीवर उपाय म्हणून शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून शासनाच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर टाकावेत असं ठरवलं होतं. शिक्षकांच्या विरोधानंतर तो बेत बाजूला ठेवावा लागला. तो विरोध रास्तच होता, कारण तिथे फोटो वर जाणार होता, घरी नव्हे. वरिष्ठांना पाठवायच्या फोटोत मुलं मोजायची असतात, म्हणून सगळी चौकटीत लागतात. घरी पाठवायच्या फोटोत एक हात पुरतो. पालकांच्या गटावरचे रांगेतले फोटोही खरं तर याच तपासणीच्या सवयीतून आलेत. पाहणारा बदलला, घाटणी तीच राहिली. तेव्हा वेळ वाचवायचा तर आधी तेच कमी करावेत. रोजच्या दहा फोटोंऐवजी आठवड्याला दोन, प्रत्येकाखाली दोन ओळी, हा व्यवहार तोट्याचा नाही. दर फोटोत एक-दोन मुलांचं काम असं धरलं तर तीस जणांच्या वर्गात सत्रभरात प्रत्येकाची पाळी येते. यादीवर खूण करत गेलं की ‘माझ्या मुलाचा का नाही?’ या तक्रारीलाही उत्तर तयार राहतं.

फोटो काढणाऱ्या शिक्षकाचं लक्ष वर्गावरून उडतं, असंही म्हटलं जातं. याला आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा त्यांना कमी आठवल्या. पण ज्यांना वस्तूच्या एकाच भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढायला सांगितलं, त्यांच्या आठवणीत तशी घट दिसली नाही. संग्रहालय म्हणजे वर्ग नव्हे, हे मान्य. तरी काय टिपायचं ते ठरवायला आधी नीट पाहावं लागतं, एवढं तरी यातून घेता येईल. सगळा वर्ग चौकटीत बसवणारा शिक्षक गर्दी पाहतो. गठ्ठा सोडणारा हात टिपणाऱ्याला तो हात आधी दिसलेला असतो.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं काय? ‘असर’च्या 2022 च्या ग्रामीण पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांच्या जवळपास 75 टक्के घरांत स्मार्टफोन होता, 2018 मध्ये हेच प्रमाण 36 टक्क्यांच्या आसपास होतं. वाढ मोठी आहे, पण उरलेलं चौथं घर बहुधा तेच असतं जिथे शाळेची बातमी सर्वांत कमी पोचते. शिवाय घरात फोन असला तरी तो दिवसभर वडिलांच्या खिशात कामावर गेलेला असू शकतो. म्हणून महिन्यातून दोन-चार फोटो छापून फाटकाजवळच्या फलकावर, मुलांना न्यायला आलेली आजी जिथे उभी राहते तिथे, लावणं हा अनिवार्य भाग समजावा. ज्यांना वाचता येत नाही अशा पालकांसाठी खालची ओळ बोलून पाठवता येते, घरच्या बोलीत पाठवली तर आणखी चांगलं.

सर्वांत अवघड प्रश्न खासगीपणाचा. पन्नास जणांच्या गटात गेलेला फोटो पुढे कुठे जाईल हे कुणाच्याच हातात राहत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं असून, त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येणारी संमती मागितली आहे. प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात घेतलेली सही ही संमती म्हणायला जड जातं. शाळेच्या फेसबुक पानावर, प्रवेशाच्या जाहिरातीत मुलांचे चेहरे वापरणं हा तर वेगळाच धंदा. त्याला पालकसंवाद म्हणू नये. संवादासाठी चेहरा लागतच नाही. हात, वही, काड्या, मातीचा बैल, पाठमोरी जोडी यांत शिकणं चेहऱ्यापेक्षा जास्त दिसतं. मुलाचं नाव घालून लिहायचं असेल, विशेषतः चुकीबद्दल, तर ते त्या एका घरालाच पाठवावं. गटावर जायचं ते बिननावाचं.

आणि मुलाला विचारायचं राहून जातं. पाच वर्षांचं मूलही ‘हे घरी दाखवू का?’ याला हो-नाही सांगू शकतं. काही मुलं म्हणतात, थांबा, आधी पुरं करू दे. तिथे शिक्षकाला थांबावं लागेल, अर्ध्या कामाचा फोटो हवा असला तरी.