क्षीण ठिणगीचे निदान

प्लग इंजिनाला टेकवून किक मारली आणि ठिणगी दिसली, एवढ्यावरून डर्ट बाइकचे प्रज्वलन निर्दोष मानू नये. उघड्या हवेत उडणारी पिवळसर ठिणगी सिलिंडरमधील दाबाखाली उडेलच असे नाही. स्पार्क टेस्टरवर सुमारे 6 मिलिमीटर अंतर ठेवावे, पेट्रोलची वाफ पेटू नये म्हणून प्लगचे छिद्र झाकावे आणि मग पाहावे. ठिणगी निळी, कडकडणारी हवी.

चिखल व धुण्याचे पाणी यांमुळे कॉइलच्या अर्थिंगचा सांधा गंजतो, प्लग-कॅपमध्ये ओल शिरते. पुराव्याविना निष्कर्ष नको, हे इतिहासाच्या तासाला सांगतो. येथे पुरावा मल्टिमीटर देतो. रेझिस्टर असलेल्या कॅपचा रोध बहुधा 5 किलोओहम असतो. नंतर कॉइल, स्टेटर. महागडा सीडीआय सर्वांत शेवटी. विजेचे सुटे भाग दुकानदार सहसा परत घेत नाहीत.