वनओढ्याकाठच्या टाचण्यांचे निरीक्षण

टाचणी हा ओडोनाटा गणाच्या झायगोप्टेरा उपगणातील कीटक होय. विश्रांती घेताना चतुर पंख पसरून बसतो, तर बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. पश्चिम घाटातील ओढ्यांवर आढळणाऱ्या न्यूरोबेसिस चायनेन्सिस या जातीच्या नराचे मागील पंख हिरवे झळाळतात. तथापि केवळ प्रौढ कीटकांची नोंद पुरेशी नाही. ते अन्य ठिकाणाहून उडत आलेले असू शकतात. काठच्या दगडांवर वा गवतावर सापडणारी डिंभाची कात मात्र तेथेच प्रजनन झाल्याचा पुरावा ठरते. डिंभ पाण्यात वाढत असल्याने काठची झाडी तुटल्यास वा तळाशी गाळ साचल्यास अशा जातींचे अस्तित्व धोक्यात येते. म्हणूनच निरीक्षकाने ओढ्याची सावली, प्रवाह व तळ यांचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे.