मद्यपी रुग्णाचा रक्त-अहवाल : आकडा उतरला म्हणजे यकृत सुधारले का?

मद्यपानाचा खरा हिशेब रुग्णाच्या तोंडून क्वचितच मिळतो. ‘सणावाराला थोडीशी’ एवढेच उत्तर येते. मग ती सातपुड्याच्या पायथ्याशी गाळलेली मोहाची असो, वा जळगाव-धुळ्याच्या दुकानातील बाटलीबंद. अशा वेळी रक्ताचा अहवाल वैद्याच्या उपयोगी पडतो. मात्र त्याची मर्यादा ओळखूनच तो वाचावा, असे आमचे व्यवसायबंधूंना नम्र सांगणे आहे.

एसजीओटी व एसजीपीटी ही विकरे पेशींच्या आत असतात. पेशीला इजा झाली की ती रक्तात पाझरतात. एसजीओटी केवळ यकृतात नाही. 1954 साली ही तपासणी प्रथम पुढे आली ती हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी. ते विकर स्नायूंतही असते. म्हणून रावेर-यावलच्या केळीबागांत दिवसभर घड वाहणाऱ्या मजुराचे एसजीओटी थोडे वाढलेले दिसले, तर लगेच त्याच्यावर मद्यपीचा शिक्का मारू नये. स्नायूंसाठी सीपीके ही तपासणी सोबत पाहावी.

मद्यजन्य यकृतविकारात एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट वा अधिक असते. पण दोन्ही आकडे सहसा तीनशे-चारशेच्या पुढे जात नाहीत. मद्यपीच्या शरीरात बी-6 जीवनसत्त्वाची उणीव असते व एसजीपीटीला त्याची गरज अधिक, हे या प्रमाणाचे एक कारण. आकडे हजारांत गेले, तर विषाणुजन्य कामला किंवा पॅरासिटामॉलची विषबाधा यांचा विचार आधी करावा.

तिसरे विकर गॅमा जीटी. सततच्या मद्यपानाने ते वाढते व मद्य सुटल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. म्हणून चार आठवड्यांनी फेरतपासणी केल्यास रुग्णाच्या शब्दाची पडताळणी होते. तथापि स्थूलता, मधुमेह, पित्तमार्गाचा अवरोध व अपस्माराची फेनिटॉइनसारखी औषधे यांनीही ते वाढते. रक्तपेशींचा आकार दर्शविणारा एमसीव्ही सोबत वाढलेला असेल, तर संशय बळावतो. तो मात्र पूर्ववत होण्यास काही महिने घेतो.

आता मुख्य मुद्दा. ही विकरे इजा सांगतात, यकृताचे बळ सांगत नाहीत. यकृत कठीण होऊन पेशीच उरल्या नाहीत, तर पाझरणार काय? जलोदर झालेल्या रुग्णाचे एसजीपीटी अगदी प्राकृत असू शकते. त्यामुळे बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्रोथ्रॉम्बिन टाइम व प्लेटलेट्स पाहिल्याविना ‘यकृत ठीक आहे’ असा निर्वाळा देऊ नये. एकदा असा निर्वाळा मिळाला की रुग्ण तोच कागद घरच्यांना दाखवून पुन्हा प्यायला बसतो.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक बाब विशेष महत्त्वाची. यकृतविकारात प्रचलित असलेले कुमार्यासव व रोहितकारिष्ट हे संधान कल्प आहेत आणि त्यांत स्वयंजनित मद्यार्क असतो. तो बहुधा पाच ते बारा टक्के असतो. व्यसन सोडू पाहणाऱ्यास केवळ ‘लिव्हरचे औषध’ म्हणून हे कल्प देऊ नयेत. तो डायसल्फिराम घेत असेल, तर उलटी, धडधड व रक्तदाब उतरणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मदात्ययाचे सविस्तर विवेचन केले असून, तेथे मद्याची युक्तिपूर्वक योजनाही सांगितली आहे. परंतु ती वैद्याच्या देखरेखीखालील चिकित्सा आहे, दुकानातून परस्पर नेण्याची बाटली नव्हे. अशा रुग्णासाठी फलत्रिकादी क्वाथ, भूम्यामलकी यांसारखे मद्यार्करहित कल्प वैद्याने विचारात घ्यावेत.

काही प्रसंगी विकरांची वाट पाहूच नये. मद्य एकाएकी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत कंप, भ्रम वा आकडी आली. रक्ताची उलटी झाली. पोटात पाठीकडे जाणारी तीव्र वेदना उठली, तर रुग्णालय गाठावे. हातभट्टीची दारू प्यायल्यावर दृष्टी अंधुक झाली, तर मिथेनॉलची शंका घ्यावी. जून 2015 मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. त्या विषाबाबत यकृताची विकरे काहीही सांगत नाहीत.

तात्पर्य, अहवाल हा दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांना पूरक आहे, पर्याय नाही. आकडा उतरल्याचे समाधान जरूर मानावे. पण मद्य सुटले का, भूक लागते का, सूज उतरली का, हे प्रत्येक भेटीत विचारावे.