आधी दारू की आधी आजार?
मन आणि उपचार : भाग आठवा

मागच्या आठवड्यात बायपोलर आजारातल्या उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांबद्दल आपण बोललो. दारूचा विषय तेव्हा मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण तो दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, बायपोलरच्या तीव्र प्रकारातल्या सुमारे ४६ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूच्या व्यसनाने गाठलेलं आढळलं. म्हणजे जवळजवळ दर दुसरा माणूस. आपल्याकडच्या मानसोपचार ओपीडीतही ही जोडी नवी नाही.

तरीही अशा रुग्णाच्या घरच्यांना काय ऐकावं लागतं? एकीकडे, "आधी दारू सुटू द्या, मग गोळ्यांचं बघू." दुसरीकडे, "मानसिक पेशंट आम्ही घेत नाही, आधी त्याला शांत करून आणा." रुग्णाची बायको किंवा आई फाइल घेऊन या दारातून त्या दारात फिरते आणि मध्येच कधीतरी थकून घरी बसते. मला ही पद्धत चुकीची वाटते. दोन्ही आजारांवर एकाच वेळी, शक्यतो एकाच छताखाली उपचार व्हायला हवेत. ते शक्य नसेल, तर निदान दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांना फोन तरी केला पाहिजे.

पण एक खरी अडचण आहे, ती निदानाची. दारू प्यायलेला माणूस बडबडतो, भांडतो, पैसे उधळतो. उतरली की उदास होतो, रडतो, जगण्यात अर्थ नाही म्हणतो. मग यातलं बायपोलर कोणतं आणि दारूचं कोणतं?

समजा, तालुक्याच्या गावी मोबाइलचं दुकान चालवणारा चौतीस वर्षांचा माणूस आहे. रोज संध्याकाळी दीड क्वार्टर, अलीकडे सकाळीही. सोबत बायको आणि मोठा भाऊ. चांगला डॉक्टर इथे घाई करत नाही. तो कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ मारतो, तिच्यावर वर्षं मांडतो. रेघेच्या वर उन्मादाचे दिवस, खाली उदासीचे आणि तळाला दारूची वेगळी पट्टी. तारखा कुणाच्याच लक्षात नसतात, म्हणून विचारायचं ते प्रसंगांवरून. धाकटीचं बाळंतपण झालं तेव्हा हा कसा होता? त्या वर्षीच्या गणपतीत काय झालं?

मग भाऊ आठवून सांगतो, की एकविसाव्या वर्षी गणपतीत हा आठ-दहा दिवस जवळजवळ झोपलाच नव्हता. मंडळाची अर्धी वर्गणी स्वतःच्या खिशातून भरली, कर्ज काढून साउंड सिस्टिम घेतली. तेव्हा प्यायचा का? नाही, तेव्हा थेंबही नाही. बायको सांगते, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तीन महिने अंथरुणातच होता. झोप लागावी म्हणून प्यायला सुरुवात झाली ती तेव्हा. एकोणतिसाव्या वर्षी आळंदीला जाऊन माळ घातली, वर्षभर शब्द पाळला. पण त्याच कोरड्या वर्षात पहाटे तीनला उठून हिशेब मांडायचा आणि घरात न विचारता प्लॉट विकून बसला.

निदानाचं उत्तर या कागदावर आहे. दारू सुरू होण्याआधीचा काळ आणि दारू बंद असतानाचा काळ, या दोन्ही काळांत मनाचे चढउतार दिसत असतील, तर बायपोलरची शक्यता भक्कम होते. घराण्यात कुणाला असा आजार असेल, तर आणखी. असा पुरावा नसेल, तर काही आठवडे दारूविना काढून मग पुन्हा पाहावं लागतं. एक धोका मात्र मोठा आहे. हा माणूस डॉक्टरकडे येतो तो बहुतेक वेळा उदासीत. उन्मादात त्याला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. कागद न मांडता नुसती नैराश्याची गोळी सुरू झाली, तर तिनेच उन्माद उसळू शकतो.

आता दारू थांबवण्याबद्दल. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच, खोलीला कडी लावून, एकदम तोडू नका. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. एक-दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत, दिवस की रात्र हेच कळत नाही. बायपोलर माहीत असलेल्या घरात याला "परत उन्माद आला" असं समजलं जातं आणि मौल्यवान तास वाया जातात. उन्मादातला माणूस कितीही बडबडला तरी सहसा त्याला आपण कुठे आहोत, समोर कोण आहे हे माहीत असतं. भान हरपलं असेल, अंग तापलं असेल, थरथर असेल, तर तो दारू तुटल्याचा जीवघेणा भ्रम समजून थेट रुग्णालय गाठायचं. तिथे बेंझोडायझेपिन गटाच्या गोळ्या ठरावीक क्रमाने कमी करत देतात आणि जीवनसत्त्व बी-वनची इंजेक्शनं देतात. ही इंजेक्शनं साधी दिसतात, पण मेंदूची कायमची हानी त्यांनी टळते.

बायपोलरच्या औषधांत लिथियम सगळ्यात जुनं. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावरचा त्याचा उपयोग १९४९ साली प्रसिद्ध केला. आजही ते उत्तम औषध आहे. मात्र त्याची रक्तातली उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं आहे. अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते. रात्रभर पिऊन उलट्या झाल्या, कडक उपास केला, उन्हात वारीला चालत गेलात आणि पाणी कमी प्यायलात, की धोका आलाच. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकनेही ती वाढते. हाताची थरथर वाढणं, तोल जाणं, जुलाब, जीभ जड होणं ही विषबाधेची चिन्हं "प्यायला असेल" म्हणून सोडून दिली जातात. म्हणून तपासणी वेळेवर हवी. व्हॅल्प्रोएट हे दुसरं औषध काही रुग्णांत पिण्याचं प्रमाणही कमी करतं. पण यकृत आधीच खराब असेल तर जपून. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो टाळतात. दारूची ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट आहेत. एकासाठी यकृत तपासावं लागतं, दुसऱ्यासाठी मूत्रपिंड.

एसटी स्टँडच्या भिंतीवर "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. चहातून, आमटीतून चोरून औषध देणाऱ्या बाईची अगतिकता मला समजते. पण अशा पुडीत डायसल्फिराम असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. शिवाय बायपोलरच्या रुग्णात हे औषध स्वतःच उन्माद किंवा भ्रम उसळवू शकतं. ते द्यायचंच, तर त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या नजरेखाली.

दोन्ही आजारांवर एकत्र काम करता येतं याचा पुरावाही आहे. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात रॉजर वाइस यांनी अशा रुग्णांसाठी खास गटोपचार तयार केला. त्यात बायपोलर आणि व्यसन हा एकच आजार धरून बोलायचं. झोप मोडली की दारूची ओढ वाढते, दारू घेतली की झोप मोडते, गोळी चुकली की दोन्ही बिघडतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फक्त व्यसनावर बोलणाऱ्या गटापेक्षा या गटातल्या लोकांचे नशेचे दिवस बरेच कमी झाले. आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, तिथेच काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने. व्यसनमुक्ती आणि मानसोपचार यांची गाठ महाराष्ट्रात तेव्हापासूनची आहे. ती विसरण्याचं कारण नाही.

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांबद्दलही लोक विचारतात. जरूर जा, त्या आधाराला तोड नाही. पण तिथल्या कुणी "गोळ्या म्हणजे दुसरी नशाच" असं म्हटलं, तर त्या बंद करू नका. सदस्यांनी डॉक्टर होऊ नये, असं एए ची स्वतःची पुस्तिकाच सांगते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारूशी निगडित मानसिक अवस्थाही घेतल्या आहेत आणि मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं म्हटलं आहे. "दारुडा आहे, आमच्याकडे नको" असं कुणी म्हणालं, तर तुम्ही हक्काने उभे राहू शकता.

आता वाचकांना एक विनंती. घरात अशी जोडी असेल, तर पुढच्या भेटीआधी तो कागद घरीच मांडा, जमलं तर रुग्णाला सोबत घेऊन. वर्षं, सण, लग्नं, बाळंतपणं लिहा. किती प्यायली जाते ते कमी करून सांगू नका. सगळ्या जुन्या चिठ्ठ्या बरोबर न्या. कुणी मरणाची भाषा करत असेल, तर भेटीची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात न्या. बोलायला माणूस हवा असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस आणि विनामूल्य चालू असतो, मराठीतही. पुढच्या आठवड्यात अशा घरातल्या मुलांबद्दल.