कृष्णा आणि मरे : नदीच्या नकाशावरून इंग्रजी क्रियापदं

इंग्रजी क्रियापदांची तीन रूपं आपल्याकडे पाढ्यासारखी पाठ करून घेतात. गो-वेंट-गॉन, राइझ-रोझ-रिझन, मीट-मेट-मेट. सातवी-आठवीतली मुलं शंभर-दीडशे रूपं धडाधडा म्हणून दाखवतात. पण "काल नदीचं पाणी वाढलं" हे एक वाक्य इंग्रजीत लिही म्हटलं, की पेन थांबतं. रूपं पाठ आहेत, पण कोणतं रूप कुठं घ्यायचं ते ठरत नाही. आणि ते ठरणार कसं? रूप ठरतं ते प्रत्यक्ष काय घडतंय त्यावरून, आणि तक्त्यात तर काहीच घडत नसतं.

आपल्या कुरुंदवाडच्या मुलांना घडणारी गोष्ट शोधायला लांब जायला नको. कृष्णा-पंचगंगेचा संगम दाराशी आहे. म्हणून आजचा पाठ नदीवर घेऊ. एक नदी आपली आणि एक ऑस्ट्रेलियाची. इंग्रजी बोलणाऱ्या एका देशाचा थोडा भूगोलही त्यातच होऊन जाईल.

नकाशा काढा. ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ सुमारे 77 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून जास्त. सहा राज्यं, राजधानी कॅनबेरा. आता पूर्व किनाऱ्याकडे बघा. किनाऱ्याला समांतर उत्तर-दक्षिण अशी डोंगररांग दिसेल, ती ग्रेट डिव्हायडिंग रेंज. आपला सह्याद्री पश्चिम किनाऱ्याला लागून आहे, तर ही रांग पूर्व किनाऱ्याला. जणू आपलाच नकाशा आरशात बघावा! कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम 64 किलोमीटरवर, पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे 1,400 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. मरे नदी याच डोंगररांगेच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियन आल्प्समध्ये उगम पावते. (तिथलं कोझिअस्को शिखर 2,228 मीटर उंच आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा बरंच जास्त.) मरेसुद्धा जवळचा पूर्वेचा समुद्र सोडून पश्चिमेला जाते, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांची हद्द बनते, आणि 2,508 किलोमीटरचा प्रवास करून साउथ ऑस्ट्रेलियात समुद्राला मिळते. वाटेत वेंटवर्थ नावाच्या छोट्या गावाजवळ तिला डार्लिंग नदी येऊन मिळते. वेंटवर्थ हे तिकडचं संगमावरचं गाव. त्याला आपण आपल्यासाठी ऑस्ट्रेलियातलं कुरुंदवाड म्हणू.

डार्लिंग म्हटल्यावर मागच्या बाकावर हशा होणारच, तो होऊन जाऊ द्या. ते राल्फ डार्लिंग नावाच्या गव्हर्नरचं आडनाव आहे. मरे हेही सर जॉर्ज मरे या ब्रिटिश मंत्र्याचं आडनाव.

आता क्रियापदं. वरच्या परिच्छेदात मी "उगम पावते, वाहते, मिळते" असं लिहिलं. भूगोलातली कायमची गोष्ट मराठीत साध्या वर्तमानकाळात येते, तशीच इंग्रजीतही येते. "द मरे राइझिझ इन द ऑस्ट्रेलियन आल्प्स. इट फ्लोझ वेस्ट. द डार्लिंग मीट्स द मरे ॲट वेंटवर्थ." पुष्कळ मुलं इथं "इज फ्लोइंग" लिहितात, कारण नदी डोळ्यांसमोर वाहत असते. पण आपण आत्ताचं दृश्य सांगत नाही, नदीची रीत सांगतोय. म्हणून "फ्लोझ".

त्या शेवटच्या एस अक्षरापाशी आपली गाडी नेहमी अडते. मराठीत क्रियापद लिंग बघतं. ओढा वाहतो, नदी वाहते, पाणी वाहतं. इंग्रजी क्रियापदाला लिंगाशी देणंघेणं नाही. ते विचारतं एवढंच, की बाबा, एक आहे की अनेक? एक असेल तर "द रिव्हर फ्लोझ", दोन असतील तर "द रिव्हर्स फ्लो". कर्त्याला लागलेला एस अनेकवचनाचा आणि क्रियापदाला लागलेला एस एकवचनाचा, ही गंमत ध्यानात आली की निम्म्या चुका गेल्याच म्हणून समजा. उच्चारही तीन तऱ्हेचे आहेत. मीट्समध्ये स, फ्लोझमध्ये झ, राइझिझमध्ये इझ. तोंडानं म्हणून बघा, लिहून नाही कळायचं.

दुसरी चूक खास मराठी माणसाची. पंचगंगा कृष्णेला मिळते, म्हणून "पंचगंगा गेट्स कृष्णा"! मिळणे म्हणजे गेट, हे पगार आणि मार्कांपुरतं बरोबर. नदी नदीला मिळते तेव्हा मीट किंवा जॉइन. मराठीतल्या एका शब्दाला इंग्रजीत एकच शब्द ठरवून टाकू नका, वाक्यात काय चाललंय ते बघा.

आता पुराकडे येऊ, कारण काळाचा खरा अभ्यास तिथंच होतो. 2005, 2019, 2021 हे पूर शिरोळ तालुक्यात कुणाला सांगावे लागत नाहीत. पुराच्या दिवसांत घरातले थोरले काय बोलतात ते आठवा. "दरसाल पाणी वाढतं" म्हटलं तर कुणी जागचं हलत नाही. "पाणी वाढाय लागलंय" म्हटलं की सामान माळ्यावर चढतं. "पाणी रस्त्यावर आलंय" म्हटलं की जनावरं सोडून निघायची तयारी. क्रियापद तेच, पण रूप बदललं की माणसाचं काम बदलतं. हा फरक तुम्हाला लहानपणापासून कळतो. इंग्रजीत फक्त त्याचे कपडे वेगळे आहेत. "द वॉटर राइझिझ एव्हरी इयर. द वॉटर इज राइझिंग. द वॉटर हॅज रीच्ड द रोड."

आणखी एक गोष्ट बघा. शिरोळ तालुक्यात स्वतःचा पाऊस कमीच. आपल्याकडे लख्ख ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते, कारण पाऊस घाटावर झालेला असतो. वेंटवर्थचंही तसंच. तो मुलूख कोरडा, वर्षाचा पाऊस 300 मिलिमीटरच्या आसपास. तिथं पूर येतो तो दूर आल्प्समधल्या पावसाचा आणि वितळलेल्या बर्फाचा, नाहीतर उत्तरेला क्वीन्सलँडमध्ये पडलेल्या पावसाचा. डार्लिंगमधून ते पाणी खाली यायला कित्येक आठवडे लागतात. आपल्याला एक-दोन दिवसांत पळापळ करावी लागते.

याचा आपल्या व्याकरणाला फायदा असा, की नकाशावर बोट ठेवलं की काळ सापडतो. बोट महाबळेश्वरवर : "इट रेन्ड हेव्हिली यस्टरडे." बोट कुरुंदवाडच्या घाटावर : "द रिव्हर इज राइझिंग नाऊ." बोट गावातल्या रस्त्यावर : "द वॉटर विल रीच द रोड टुनाइट." पाणी एकच, पण ज्या ठिकाणी ते होऊन गेलं तिथं भूतकाळ, जिथं चालू आहे तिथं चालू वर्तमानकाळ, आणि जिथं अजून पोचायचंय तिथं भविष्यकाळ. एक सावधगिरी बाळगा. पाणी अजून शेतात असतानाच आपण "पाणी आलं, पाणी आलं" असं ओरडतो. "आलोच" म्हणणारा माणूस तरी कुठं आलेला असतो? मराठीत भूतकाळाचं रूप असं घाईच्या भविष्यासाठी चालतं. इंग्रजीत तिथं "केम" चालत नाही, "द वॉटर इज कमिंग" म्हणावं लागतं.

पेपरात येतं, "पंचगंगेने धोका पातळी ओलांडली". कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. नदी अजून 43 फुटांच्या वरच असेल तर "द रिव्हर हॅज क्रॉस्ड द डेंजर लेव्हल". पण वाक्यात काल, सोमवारी, 2019 मध्ये अशी वेळ आली की हॅज काढून टाका : "द रिव्हर क्रॉस्ड द डेंजर लेव्हल यस्टरडे." हॅज आणि यस्टरडे एका वाक्यात नांदत नाहीत.

1956 साली मरे आणि डार्लिंगला प्रचंड पूर आला. मरेच्या नोंदींमधला तो सर्वांत मोठा मानला जातो. वेंटवर्थच्या लोकांनी छोटे करडे फर्ग्युसन ट्रॅक्टर लावून गावाभोवती मातीचे बांध उंच केले आणि गाव वाचवलं. त्या ट्रॅक्टरचं स्मारक आज गावात आहे. आपल्या शेतकऱ्यांना ही गोष्ट नक्की आवडेल, आणि ती सांगायला दोन जुळी क्रियापदं लागतात. राइझ-रोझ-रिझन म्हणजे आपोआप वाढणं. रेझ-रेझ्ड-रेझ्ड म्हणजे कुणीतरी वाढवणं, उंच करणं. "द रिव्हर रोझ. द पीपल रेझ्ड द बँक्स." वाढणे आणि वाढवणे, चढणे आणि चढवणे, अशी जोडी मराठीत एका 'व'नं होते. इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं पाठ करावी लागतात, त्याला इलाज नाही. असंच आणखी एक : ब्लो-ब्ल्यू, ग्रो-ग्र्यू म्हणून फ्लो-फ्ल्यू लिहू नका. फ्ल्यू म्हणजे उडाला. "द रिव्हर फ्ल्यू" लिहिलंत तर कृष्णा आकाशात जाईल. नदीसाठी फ्लोड.

इतिहासाकडे एक नजर. चार्ल्स स्टर्ट हा इंग्रज अधिकारी जानेवारी 1830 मध्ये होडीतून मरेवर पोचला आणि नदीला हे नाव त्यानं दिलं. साल दिलंय, म्हणून "स्टर्ट रीच्ड द मरे इन 1830". पण नदी त्यानं शोधली असं म्हणणं मला पटत नाही. डार्लिंगच्या काठावर बार्किंजी लोक हजारो वर्षांपासून राहतात. ते नदीला बाका म्हणतात आणि त्यांचं स्वतःचं नावही त्याच शब्दावरून आलंय. हे इंग्रजीत कसं लिहाल? "बार्किंजी पीपल लिव्हड देअर" लिहिलंत तर ते लोक संपले असा अर्थ निघतो. "बार्किंजी पीपल हॅव लिव्हड देअर फॉर थाउजंड्स ऑफ इयर्स" लिहा, म्हणजे राहत आले आणि आजही आहेत. एका हॅवमुळे अख्खा समाज नकाशावर राहतो किंवा पुसला जातो.

पुढं एकोणिसाव्या शतकात या नद्यांवर वाफेच्या बोटी लोकर वाहून नेत. 'नेत' हा आपला रीतिभूतकाळ. पूल होण्याआधी लोक नावेनं पलीकडे जात, त्यातला 'जात' तोच. इंग्रजीत त्यासाठी यूज्ड टू : "स्टीमर्स यूज्ड टू कॅरी वूल."

आता तुमचं काम. नरसोबाच्या वाडीला पुराचं पाणी उत्तरेकडून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दारानं बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा तुम्हाला माहीत आहे. तो तीनदा लिहा. एकदा दरवर्षी घडणारा म्हणून, एकदा आत्ता डोळ्यांसमोर चालू आहे म्हणून, एकदा गेल्या वर्षी झाला म्हणून. क्रियापदं तीनच घ्या : एंटर, फ्लो, लीव्ह. पहिल्या दोघांना भूतकाळात ईडी लागतं, तिसऱ्याचं लेफ्ट होतं. वही आणताना शेजारी नकाशाही काढून आणा.