पेशी ऐकेनाशा होतात तेव्हा

सकाळी जाग येते त्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल दिवसभरातल्या सर्वांत वरच्या पातळीला असतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो आणि पिट्युटरी तो मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना पोचवते. तिथून सुटणारं हे ताणाचं संप्रेरक दाह शमवतं, रोगप्रतिकारक पेशींना आवर घालतं.

मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये याच पेशी मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडतात. वायरीवरचं प्लॅस्टिक सोलावं तसं. मग संदेश अडखळतात. नजर धूसर होते, पाय जड पडतात. नवल असं, की अनेक रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल कमी नसतं, उलट वाढलेलं असतं. प्रतिकारक पेशीच त्याचं पुरेसं ऐकत नाहीत. म्हणून आजार उसळला की त्याचंच जोरकस भावंड, मिथाइलप्रेडनिसोलोन, सलाइनमधून रोज साधारण १ ग्रॅम असं ३ ते ५ दिवस देतात.

२००४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ताणाच्या प्रसंगांनंतर आजार उसळण्याचा धोका वाढलेला दिसला. पण म्हणून ‘फार विचार करतेस, म्हणून झालं’ असं रुग्णाला कुणीही सुनावू नये. पुरेशी झोप, विसावा आणि घरच्यांची साथ औषधांची जागा घेत नाहीत. त्यांना बळ मात्र देतात.