परतीचं तिकीट

कल्पनाकथांतल्या जादूच्या गाड्या पावणेदोनशेहून अधिक वर्षं धावताहेत. मुक्काम कितीही अद्भुत असो, या गाड्यांनाही बहुधा तिकीट लागतंच. खरा प्रश्न असतो तो परतीचा.

१८४३ साली अमेरिकेत नॅथॅनिएल हॉथॉर्नने ‘द सेलेस्टियल रेलरोड’ लिहिली, तेव्हा आगगाडी हेच मोठं नवल होतं. जॉन बनियनच्या जुन्या रूपककथेतला यात्रेकरू पाठीवर ओझं वाहत पायी स्वर्गनगरीकडे निघाला होता; हॉथॉर्नचे प्रवासी तेच ओझं सामानाच्या डब्यात टाकून निवांत बसतात. इंजिन मात्र अपोलियन हा दैत्य हाकतो, आणि गाडी स्वर्गाच्या दारापर्यंत जातच नाही. झटपट पुण्य शोधणाऱ्या काळाची ती टर होती.

जपानच्या केन्जी मियाझावांनी हीच गाडी शोकाच्या रुळांवर आणली. १९२२मध्ये त्यांची धाकटी बहीण तोशी गेली. त्यानंतर ते आकाशगंगेतून धावणाऱ्या रेल्वेची गोष्ट वर्षानुवर्षं लिहीत-खोडत राहिले. ती छापली गेली १९३४ साली, त्यांच्या निधनानंतर. गोष्टीचा नायक जोव्हानी याच्या खिशात कुठेही नेणारं तिकीट निघतं. शेजारी बसलेला मित्र कांपानेल्ला मात्र नदीत बुडालेला असतो. परत येतो तो एकटा जोव्हानी.

१९५०मध्ये जॅक फिनीच्या ‘द थर्ड लेव्हल’ कथेत न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाला तिसरा मजला फुटला. तिथे साल १८९४! खिडकीवरच्या कारकुनाला नव्या नोटा खोट्या वाटतात. कथेचा नायक चार्ली दुसऱ्याच दिवशी जुन्या नोटा विकत घेतो, पण मग तो मजलाच सापडत नाही. सी. एस. लुईस यांच्या नार्नियामालेत मुलं १९५१च्या पुस्तकात स्थानकावरून अलगद ओढली जातात. १९५६च्या शेवटच्या पुस्तकात रेल्वे अपघात त्यांच्यातल्या बहुतेकांना कायमचं तिकडे नेतो.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाला गुप्त दार १९९४मध्येच लाभलं होतं. इव्हा इबट्सन यांच्या कादंबरीत १३ नंबरच्या फलाटाखालचं दार दर ९ वर्षांनी, फक्त ९ दिवस उघडतं. १९९७मध्ये जे. के. रोलिंग यांनी त्याच स्थानकावर हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेला जाणाऱ्या गाडीसाठी पावणेदहा नंबरचा फलाट काढला आणि जादूला चक्क वेळापत्रक दिलं: १ सप्टेंबर, सकाळी ११. उन्हाळ्यात तीच गाडी मुलांना घरी सोडते. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिनं १९६८मध्येच निवृत्त झाली होती, म्हणजे त्या गाडीचं लाल इंजिनही आजोबांच्या काळातलं. हॉथॉर्नला खटकलेलं यंत्र आता हरवलेल्या जगाची वाट झालं होतं. खऱ्या ९ आणि १० नंबरच्या मधे रूळ आहेत, म्हणून सिनेमाचं चित्रीकरण ४ आणि ५ नंबरवर उरकलं. तरीही भिंतीत अर्धी घुसलेली ढकलगाडी पाहायला किंग्ज क्रॉसला रांग लागते.

ही रांग परतीच्या भरवशाची आहे, असं मला वाटतं. शाळेची गाडी सुट्टीत घरी यायलाच हवी. हायाओ मियाझाकींच्या २००१च्या ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटातली पाण्यावरून जाणारी गाडी हा भरवसा देत नाही: पूर्वी ती परत यायची, आता नुसतीच जाते, असं म्हातारा कामाजी तिकिटं देताना बजावतो. आणि २००७च्या हॅरी पॉटर मालिकेच्या शेवटच्या भागात खुद्द रोलिंगही तिथेच पोचल्या. मृत्यूच्या उंबरठ्यावर हॅरीला दिसतं ते धुक्यातलं, रिकामं किंग्ज क्रॉस. इथून पुढे नेणारी गाडी मिळू शकते, हे त्याला कळतं. तो चढत नाही. दहा वर्षं वेळापत्रक पाळणाऱ्या लेखिकेलाही शेवटी एकेरी गाडीची दखल घ्यावी लागली.